अंगठा कापण्याआधी पायातलं रक्त कुठवर पोचतंय ते तपासून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, १५ वर्षांपासून मधुमेह, तरुणपणापासून तंबाखू आणि बिडी. गेलं वर्षभर थोडं चाललं की डावी पोटरी भरून येते. 'मणक्यात गॅप आहे, नस दबलीय' म्हणून कंबरेला पट्टा, गोळ्या आणि मालिश झालं. महिन्यापूर्वी नवी चप्पल लागून अंगठ्याला जखम झाली, ती भरेना, आता टोक काळं पडलंय. एका डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितलं, दुसऱ्यांनी अँजिओप्लास्टी, तिसऱ्यांनी गुडघ्याखालून पाय. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, बिडी ओढतो, त्याचीही बोटं गार पडतात. आता करायचं काय?

मी रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करते आणि असे पाय रोज बघते. जे आज-उद्या करायचं आहे ते आधी सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा.

अंगठा कापायला अजून होकार देऊ नका, पण घरीही थांबू नका. येत्या दोन-तीन दिवसांत जिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत अशा ठिकाणी वडिलांना न्या. रक्तपुरवठाच नसलेल्या पायाचं बोट कापलं, तर कापलेली जखम भरायलाही रक्त लागतं, आणि ते मुळात नसतं. मग बोटाची जखम चिघळते, पुढच्या वेळी अर्धं पाऊल जातं, त्यानंतर गुडघ्याखालून. तीन ऑपरेशनं करून पाय गेलेले रुग्ण मी पाहिलेत, आणि त्यांच्या फायलीत पहिल्या ऑपरेशनाआधी पायाची नाडी तपासल्याची एक ओळही नव्हती. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी रक्त पोचवायचं, मग मेलेला भाग काढायचा.

याला एकच मोठा अपवाद आहे. काळा भाग कोरडा, सुकलेला असेल तर रक्तपुरवठ्याची व्यवस्था होईपर्यंत तो तसाच कोरडा ठेवता येतो. पण पू येत असेल, घाण वास असेल, पाऊल सुजून लाल झालं असेल, ताप असेल किंवा साखर एकाएकी आवाक्याबाहेर गेली असेल, तर तो ओला गँगरीन, म्हणजे जंतू शिरून सडणारा मेलेला भाग आहे. तिथे त्याच दिवशी पू मोकळा करावा लागतो, नाहीतर विष अंगभर पसरून जीवावर बेततं. त्यानंतर रक्तपुरवठ्याचं काम लगोलग करायचं. अशा वेळी 'दोन दिवस अँटिबायोटिक घेऊन बघू' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आता हे झालं कसं ते समजून घेऊ. हृदयातून निघालेली महाधमनी बेंबीच्या पातळीला दुभंगते, जांघेतून एकेक धमनी मांडीत उतरते, गुडघ्याच्या मागे जाते आणि तिथून तिच्या तीन फांद्या पावलाकडे जातात. वयोमानाने, तंबाखूने, साखर-रक्तदाब-कोलेस्टेरॉलने या धमन्यांच्या आतल्या अस्तरात चरबी आणि कॅल्शियमचा थर बसत जातो आणि वाट अरुंद होते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा अडथळा बहुधा पोटात, जांघेत आणि मांडीत सापडतो. मधुमेह्यांत तो गुडघ्याखालच्या बारीक फांद्यांत जास्त असतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र आलीत, म्हणून दोन्ही पातळ्यांवर शोधावं लागेल.

बसलेल्या माणसाच्या स्नायूला रक्त थोडंच लागतं, तेवढं अरुंद वाटेतूनही मिळतं. चालताना मागणी कित्येक पटींनी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. पोटरीत गोळा येतो, पाय जड होतो, माणूस उभा राहतो, दोन-पाच मिनिटांत बरं वाटतं आणि पुन्हा चालू लागतो. रुग्ण हे फार नेमकेपणाने सांगतात: 'एसटी स्टँडपासून देवळापर्यंत येईस्तोवर एकदा थांबावं लागतं, पूर्वी लागत नव्हतं.' तेवढ्या एका वाक्यात निम्मं निदान झालेलं असतं.

तरीही वर्ष मणक्याच्या उपचारांत गेलं, आणि यात तुम्ही एकटे नाही. साठीनंतर जवळजवळ कोणाच्याही कंबरेचा एमआरआय काढला तर काहीतरी झीज दिसतेच. दिसली की दुखण्याचं खापर तिच्यावर फुटतं. दोन्हींतला फरक मात्र घरीही ओळखता येतो. धमनीचं दुखणं ठराविक अंतरानंतर येतं, चढावर लवकर येतं, आणि नुसतं उभं राहिलं तरी जातं. मणक्याच्या नळीतल्या अडचणीचं दुखणं नुसतं उभं राहूनही येतं आणि ते जायला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस सायकल आरामात चालवतो, हातगाडीवर वाकून लांब चालतो. व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे फुगलेल्या निळ्या शिरांचा त्रास दिवसभर उभं राहून संध्याकाळी वाढतो आणि पाय वर ठेवला की हलका होतो. धमनी बंद असेल तर उलट घडतं: पाय वर घेतला की पांढरा पडून दुखतो, खाली सोडला की लालसर-जांभळा होतो. रात्री झोपेत पावलाचा पुढचा भाग ठणकतोय आणि माणूस पलंगावरून पाय खाली लोंबकळत ठेवून बसतोय, असं घरात कोणी करत असेल तर तो धोक्याचा टप्पा आहे. तिथून पुढे जखम आणि काळेपणा यायला वेळ लागत नाही.

मधुमेह्यांत हा चालतानाचा इशाराच कित्येकदा मिळत नाही. नसांची संवेदना गेलेली असते, मुळात चालणंही कमी झालेलं असतं, आणि आजार समजतो तो थेट न भरणाऱ्या जखमेतून. म्हणून प्रत्येक मधुमेह्याचं पाऊल वर्षातून किमान एकदा मोजे काढून डॉक्टरांनी हाताळलंच पाहिजे. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलला की दिसणाऱ्या दोरीसारख्या स्नायुबंधाच्या बाहेरच्या अंगाला एक नाडी लागते, आणि आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. दोन्ही बघायला एक मिनिट पुरतं आणि खर्च शून्य. तुमच्या वडिलांच्या वर्षभरातल्या चकरांत कोणी ही नाडी पाहिली का, एवढंच त्यांना विचारा.

नाडीनंतरची तपासणी म्हणजे एबीआय. घोट्याला पट्टा बांधून हातात धरायच्या छोट्या डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, तिथला रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडावरच्या रक्तदाबाने भागायचं. उत्तर १ ते १.४ आलं तर सामान्य, ०.९ किंवा कमी आलं तर धमनी अरुंद आहे, ०.४ च्या आसपास गेलं तर पाय संकटात आहे. या सोप्या तपासणीत एक सापळा आहे आणि तो नेमका तुमच्या वडिलांसारख्यांसाठी आहे. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा १.४ च्या वर किंवा फसवा 'नॉर्मल' येतो. अहवालावर १.५ पाहून 'रक्तपुरवठा उत्तम' असा निष्कर्ष काढू नये. अशा वेळी अंगठ्याचा रक्तदाब मोजायचा, कारण बोटांतल्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर रक्त वाढवल्याशिवाय जखम भरण्याची आशा फार कमी. अंगठ्याचा पट्टा सगळीकडे नसतो. मग डॉप्लरच्या लहरींचा आकार बघायचा. निरोगी धमनीची लहर ट्रायफेजिक, म्हणजे तीन टप्प्यांची असते. अडथळ्यापुढची लहर मोनोफेजिक, म्हणजे एकाच टप्प्याची, बसकी आणि सुस्त होते.

अडथळा नक्की कुठे आहे ते कलर डॉप्लरवर, म्हणजे धमन्यांच्या सोनोग्राफीत, बऱ्यापैकी कळतं, पण ते करणाऱ्याचा हात आणि संयम दोन्ही लागतात. हस्तक्षेप, म्हणजे अँजिओप्लास्टी किंवा बायपास, करायचं ठरलं की सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन. तिच्यात शिरेतून डाय देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि साखरेच्या गोळ्यांपैकी काही थांबवायची का ते विचारा. ज्याला हस्तक्षेपाची गरजच नाही त्याने केवळ 'बघून घेऊ' म्हणून सीटी करू नये.

वडिलांना हस्तक्षेप लागणार हे मात्र जवळपास नक्की आहे. आरामातही दुखणारा किंवा जखम-काळेपणा आलेला पाय उपचाराविना सोडला, तर वर्षभरात साधारण पाचातल्या एकाचा पाय जातो आणि जवळपास तेवढेच रुग्ण दगावतात, बहुतेक हृदयविकाराने. आता तुमच्यासमोर दोन वाटा असतील.

पहिली अँजिओप्लास्टी. जांघेतून बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे न्यायची, तिच्यावरून फुगा नेऊन वाट रुंद करायची, गरज असेल तर वाट उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट. पायाच्या अँजिओप्लास्टीचा इतिहास मला मोलाचा वाटतो. हृदयाची अँजिओप्लास्टी माणसावर झाली १९७७ साली. पायाची त्याच्या तेरा वर्षं आधी, १६ जानेवारी १९६४ रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर यांनी केली. रुग्ण ८२ वर्षांच्या बाई होत्या, पायाची बोटं काळी पडली होती, सर्जननी पाय कापायला सांगितलं होतं आणि त्यांनी ठाम नकार दिला होता. डॉटरनी मांडीतली अरुंद धमनी आतून रुंद केली, पाऊल ऊबदार झालं, जखमा भरल्या. म्हणजे ही पद्धत जन्मलीच तुमच्या वडिलांसारखा पाय वाचवण्यासाठी.

दुसरी वाट बायपासची. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ क्यूनलँ यांनी रुग्णाच्याच पायातली लांब शीर उलटी जोडून मांडीतला बंद भाग ओलांडला, आणि आजही गुडघ्याखाली न्यायच्या बायपाससाठी स्वतःच्या शिरेइतकी टिकाऊ नळी दुसरी नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा: 'वडिलांच्या पायाची शीर डॉप्लरवर मोजली का? चांगली आहे का?' २०२२ साली आलेल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या अभ्यासात, ज्यांची मोठी शीर चांगली होती त्यांना आधी बायपास केल्यावर पाय राखण्याचे निकाल सरस आले. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या बेसिल-२ अभ्यासात गुडघ्याखालच्या आजारात आधी अँजिओप्लास्टी केलेले रुग्ण जास्त काळ पायासह जिवंत राहिले. दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण रुग्ण वेगळे होते, अडथळ्यांच्या जागा वेगळ्या होत्या. मी स्वतः शीर चांगली, हृदय धडधाकट आणि अडथळा लांब असेल तर बायपासकडे झुकते. हृदय कमजोर, वय जास्त किंवा शीर बारीक असेल तर अँजिओप्लास्टी. ज्या डॉक्टरांना दोन्ही येतं किंवा जे दोन्ही येणाऱ्यांबरोबर काम करतात, त्यांचा सल्ला जास्त वजनाचा माना. कुठल्याही वाटेने गेलात तरी नंतरच्या तपासण्या चुकवू नका. रुंद केलेली वाट पुन्हा आकसू शकते आणि ती पूर्ण बंद होण्याआधी पकडली तर काम सोपं असतं.

खर्चाची चिंता असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जा आणि कोणती प्रक्रिया बसते ते विचारा.

तिसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून कापायचं सांगितलं तेही कधीकधी योग्य असतं. पाऊल पूर्ण मेलं असेल, टाचही गेली असेल, पलीकडे जोडायला एकही धमनी उरली नसेल, तर उगाच महिनोन्‌महिने ड्रेसिंग करत रुग्णाला झिजवू नये. अशा वेळी गुडघा वाचवणं फार महत्त्वाचं, कारण गुडघा असला की कृत्रिम पाय लावून चालायला कितीतरी कमी श्रम पडतात. पण एक काळं टोक पाहून, अँजिओग्राफीशिवाय हा निर्णय कोणी घेऊ नये. अंगठ्यावरची जखम एवढंच कारण असेल तर दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.

औषधांचं थोडक्यात. रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी, कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' असलं तरीही, भरपूर मात्रेत. पायाची धमनी अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही त्याच वाटेवर असतात, आणि या गोळ्या मुख्यतः हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्यासाठी आहेत. 'पाय बरा झाला, आता गोळी कशाला' म्हणून बंद करणारे खूप भेटतात. असं करू नका. अँजिओप्लास्टी-बायपासनंतर काही रुग्णांना अ‍ॅस्पिरिनबरोबर अगदी कमी मात्रेत, २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रिव्हारोक्साबान हे रक्ताच्या गाठी रोखणारं औषध देतात. रक्तस्रावाचा धोका बघून ते डॉक्टरांनी ठरवायचं. सिलोस्टाझोल चालण्याचं अंतर थोडं वाढवतं, पण हृदय निकामी होत चाललेल्यांना ते मुळीच चालत नाही, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. 'ब्लॉकेज विरघळवणारी' म्हणून विकली जाणारी औषधं आणि काढे यांनी वर्षानुवर्षांचा कॅल्शियमचा थर विरघळत नाही. त्यांत गेलेले महिने पायाला परत मिळत नाहीत.

ज्यांना अजून जखम नाही, फक्त चालताना पोटरी भरून येते, त्यांच्यासाठी चित्र खूप आशेचं आहे. पाच वर्षांत शंभरातल्या दोन-तिघांचाच पाय कापावा लागतो, तोही बहुधा तंबाखू न सोडणाऱ्यांचा आणि मधुमेह्यांचा. त्यांना माझी पहिली चिठ्ठी चालण्याची असते. आठवड्यातून किमान तीन दिवस, ३० ते ४५ मिनिटं. दुखायला लागलं तरी लगेच थांबायचं नाही. चांगलं दुखेपर्यंत चालायचं, मग उभं राहायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा. किमान तीन महिने. यात स्नायू कमी रक्तात काम भागवायला शिकतो, आणि पुष्कळ जणांचं अंतर दुप्पट होतं. दुखणं म्हणजे पायाची हानी होतेय असं समजून माणसं चालणं सोडतात, त्यानेच पाय आणखी दुबळा होतो. अशा रुग्णाला पहिल्याच भेटीत स्टेंट घालायची मला घाई नसते. कारण घातलेला स्टेंट बंद पडला तर पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होऊ शकते. तुमच्या वडिलांनी मात्र जखम भरेपर्यंत हा व्यायाम करायचा नाही.

वडिलांच्या पावलाला गरम पाण्याची पिशवी, शेक, शेकोटी, मालिश यांतलं काहीही नको. संवेदना नसलेलं आणि रक्त नसलेलं कातडं कोमट वाटणाऱ्या पाण्यानेही भाजतं. जखमेवर हळद, चुना, तंबाखूची पूड लावू नका. दुसरा पाय तितक्याच काळजीने रोज बघा, कारण आजार दोन्हीकडे असतो. अनवाणी चालणं बंद, देवळाच्या तापलेल्या फरशीवरची प्रदक्षिणासुद्धा. देवाला मोज्यातला पायही चालतो, हे मी माझ्या वारकरी रुग्णांना मनापासून सांगते आणि ते ऐकतात.

आणि एक लक्षण घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एखादा पाय किंवा हात अचानक, काही मिनिटांत-तासांत पांढरा, बर्फासारखा गार, बधिर झाला, प्रचंड दुखू लागला किंवा हलेना, तर रक्ताची गाठ अडकली आहे. बहुतेकदा ती हृदयातून सुटून येते. ठोके अनियमित असणाऱ्यांत किंवा लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप खराब झालेल्यांत. अशा पायाला साधारण सहा तास असतात. चोळत बसू नका, निघा.

आता धाकट्या भावाबद्दल, ज्याची मला वडिलांइतकीच काळजी वाटते. तिशीतला, बिडी ओढणारा, बोटं गार पडणारा तरुण म्हटला की बर्जर आजाराचा विचार करावाच लागतो. १९०८ साली लिओ बर्जर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. हा चरबीच्या थराचा आजार नाही. तंबाखूमुळे हातापायांच्या लहान-मध्यम धमन्यांना सूज येऊन त्या रक्ताच्या गाठींनी बंद होतात, शिराही सुजतात. युरोप-अमेरिकेत तो आता विरळा झालाय; आपल्याकडे बिडीमुळे अजूनही दिसतो. पावलाच्या तळव्यात चालताना कळ, बोटांच्या टोकाला न भरणारी जखम, पायावर इकडून तिकडे सरकणाऱ्या लाल दुखऱ्या शिरा, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, हे त्याचे इशारे. धमन्या इतक्या टोकाला बंद असतात की बायपास जोडायला पलीकडे जागाच सापडत नाही. त्यामुळे यात पाय वाचवणारा खरा उपाय एकच: तंबाखू पूर्ण बंद. दिवसाच्या दोन बिड्यासुद्धा आजार चालू ठेवतात; बिडी सोडून मळलेला तंबाखू, गुटखा किंवा मिश्री धरली तरी निकोटीन तेच. जे खरोखर शून्यावर येतात त्यांची बोटं बहुधा राहतात. जे येत नाहीत त्यांची एकेक करत जातात, आधी पायाची, मग हाताची.

भावाच्या दोन्ही हातांचा रक्तदाबही मोजून घ्या. दोन हातांत १५-२० मिलिमीटरहून जास्त फरक आला तर दंडाकडे जाणारी धमनी अरुंद असू शकते. त्याची साखर, कोलेस्टेरॉल, एबीआय आणि डॉप्लर याच महिन्यात करा. बिडी सोडण्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथले समुपदेशक प्रादेशिक भाषांतही बोलतात. वडिलांना रुग्णालयात न्याल तेव्हा भावालाही बरोबर न्या आणि त्याच भेटीत त्याच्या पायाची नाडी बघायला सांगा.